हीट नंबर

शिरोलीच्या फाउंड्रीत मशीन बसवायला आलेल्या युनला
पहिल्याच आठवड्यात तीनदा विचारलं गेलं, गाव कुठलं?
पुसान म्हणाला, तर वॉचमन धनपाल उपाध्येला पटेना.
"ते राहतोस तिथलं. मूळगाव?"
आणि युन हसला, पहिल्यांदाच दात दिसतील असा.
पाफ्योंग, म्हणाला.

तसे युन पुष्कळ. हेनामचे वेगळे, हेफ्योंगचे वेगळे,
आडनाव एक, पण भावकी नव्हे.
मी म्हटलं, मग तू पाफ्योंगकर.
मी नेर्लीकर. नेर्लीत आमची आता चूलही नाही.
त्यानंही पाफ्योंग एकदाच पाहिलंय,
आजोबांच्या बोटाला धरून: थडगी, एक तळं,
आणि पलीकडं, फार लांब नाही, सरहद्दीची तार.

तळ्याची गोष्ट त्यानं आमच्या घरी सांगितली.
रविवार होता. वहिनीनं रहू तळला होता.
तो तुकडा उलटापालटा करत राहिला.
मासा कुठला? मोबाइलवर शोधलं,
आणि त्यानं ताट सरकवलं नाही, फक्त हात मागं घेतला.
तळ्यावर एक पेटी तरंगत आली, दगडाची.
म्हातारीनं उघडली तर आत मूल,
अंगभर खवले. तो पहिला युन.
पुढं त्या घराण्यातल्या कुणाला शत्रूनं नदीकाठी गाठलं
तेव्हा माशांनी पाठीला पाठ लावून पूल केला.
म्हणून ही जात आम्ही खात नाही.

दादा म्हणाला, "आरं, म्हंजे देवकच की ह्ये!"
आमचं कळंबाचं.
कळंबाची काटकीसुद्धा आमच्या चुलीत जात नाही.
वहिनीनं मुकाट्यानं दोन अंडी फोडली.

मग वह्यांचा विषय निघाला.
सुगी झाली की भरमाप्पा हेळवी येतो,
बैल विकून दहा वर्षं झाली, आता लुनावर,
कानडी हेल काढत दादापासून मागं मागं जातो,
ह्याच्या पोटी तो, त्याच्या पोटी तो,
पायलीभर जोंधळे, वर पाचशे रुपये.
युनच्या घरीही अशी पोथी आहे, कितीतरी खंडांची,
पिढीला एक अक्षर नेमलेलं,
सगळ्या चुलतभावांच्या नावात तेच.

मी विचारलं, तुझी आजी कुठं आहे त्यात?
आहे. आजोबांशेजारी. "किम्हेची किम."
आणि नाव?
तो बराच वेळ भिंतीकडं बघत बसला.
नाव पोथीत नव्हतं.
कुणी तिला नावानं हाक मारलेलीही त्याला आठवेना.
त्यांच्यात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाहीत,
तेवढं शेवटपर्यंत तिचं तिच्याकडं राहिलं.

मी नांदून परत आलेली.
रेशनकार्डावर एक आडनाव, पीएफला दुसरं.
भरमाप्पाला एकदा म्हटलं होतं, माझंही लिहा की.
"अक्का, लेकी लिवाय बसलो तर
वही बैलाला बी उचलायची न्हाई."
लुना दारातच उभी होती.

सोमवारी मी लाइनवर कास्टिंग तपासत होते.
प्रत्येकावर हीट नंबर: कुठली भट्टी, कुठला दिवस.
पाच वर्षांनी हायवेला ट्रक मोडून पडला
तरी त्या लोखंडाचा जन्म सापडतो.
त्याआधीचं मात्र कुणी विचारत नाही.
इचलकरंजीचे मोडके माग, सायकली,
कुणाच्या तरी खिडकीचे गज,
सगळं एकाच रसात.

एक पीस रिजेक्ट निघाला, पोटात हवा राहिलेला.
युननं माझ्या हातातला खडू घेतला,
त्यावर दोन चौकोनी अक्षरं काढली.
काय रे हे?
"रात्री आईला फोन केला. ओकबुन. आजी."
आणि खडू माझ्यापुढं धरला.

मी खाली लिहिलं, अनसूया.
आडनाव दोघींनाही नव्हतं.
दुपारच्या पाळीत तो पीस परत भट्टीत गेला.